घरचं मलम करायचंय? शतधौत तूप, भिरंडेल की खोबरेल-मेण

थंडी सुरू झाली की घरचं मलम कसं करायचं हे मला कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात नेहमी हळद किती, कडुलिंब किती, तुळस घालू का हेच असतं. खरं सांगू का, पाला नंतर बघू, आधी कशात करायचं ते ठरवा. कोरड्या खरखरीत कातडीला जो आराम पडतो तो बराचसा वरच्या स्निग्ध थराने पडतो, तो थर आतलं पाणी उडू देत नाही. हळद-कडुलिंबाने थोडी मदत होत असेल, नाही असं नाही, पण चुकीच्या तेलात घातलेला चांगला पाला काही कामाचा नाही.

मी तिन्ही करून बघितलीयत, म्हणून त्या तिघांबद्दलच बोलते.

शतधौत घृत म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं साजूक तूप. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, थोडं गार पाणी घालायचं, तळहाताने किंवा तांब्याच्या बुडाने फेसायचं, पाणी ओतून टाकायचं, परत पाणी. वीसेक वेळा झालं की पिवळा रंग जायला लागतो, तुपाचा वास कमी होतो, आणि शेवटी हातात येतं ते पांढरंशुभ्र, कोल्ड क्रीमपेक्षा मऊ. मी आणि वहिनीने 100 ग्रॅम तूप घेऊन केलं तर दोघींना आळीपाळीने अडीच तास लागले आणि मधेच आकडा चुकला तो वेगळाच (चिंचोके ठेवा मोजायला, मनात मोजू नका). मिक्सरमधून पण लोक काढतात, होतं ते पण. लावल्यावर जे गार वाटतं ना ते बाकी दोघांत नाही. उन्हाने चेहरा चुरचुरतोय, वॅक्सिंगनंतर आग होतेय, यासाठी माझं मत सरळ यालाच. तोटा एकच पण मोठा, धुताना त्यात पाणी अडकून राहतं, त्यामुळे लवकर खवट होतं, कधी बुरशी पण धरते. म्हणून चार चमच्यांचंच करा, फ्रीजमध्ये ठेवा, कोरड्या चमच्याने घ्या आणि वास बदलला की टाकून द्या, जीव अडकवून ठेवू नका त्यात.

भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. माझं माहेर कुडाळकडचं, आमच्याकडे मुठेल पण म्हणतात, कारण बिया कुटून पाण्यात उकळल्यावर वर जे तेल येतं ते काढून मुठीत दाबून त्याचे गोळे वळायचे. हे तेल म्हटलं तरी घट्टच असतं, साधारण 40 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून मुंबईच्या मे महिन्यात पण डबीत गोळा तसाच राहतो. टाचांच्या भेगांना याच्यासारखं दुसरं काही नाही, हे मी माहेरचं म्हणून सांगत नाहीये. आजी रात्री पाय धुवून पुसून, पळीत तुकडा वितळवून कोमट झालं की भेगांत सोडायची आणि वर जुने मोजे. पण नुसतं हातातोंडाला लावायला ते फार कडक, पसरत नाही, म्हणून मी अर्धं भिरंडेल अर्धं खोबरेल वितळवून डबीत ओतते, त्यात मेण लागतच नाही. अडचण मिळण्याची आहे, कोकणात गोव्यात ओळखीच्यांकडून मिळतं, बाहेर कोकम बटर म्हणून विकतात ते चालतं, फक्त त्यात सेंट घातलाय का ते बघून घ्या.

तिसरं खोबरेल आणि मधमाशांचं मेण. नुसतं खोबरेल 24-25 अंशांलाच पातळ होतं, पर्समध्ये ठेवलं तर पर्सच मऊ पडते, म्हणून मेण. 80 ग्रॅम तेलाला 20 ग्रॅम मेण घेतलं की उन्हाळ्यात टिकेल असं होतं, थंडीत 15 पुरे. मेणबत्तीचं मेण घालू नका, ते वेगळं. पाला घालायचा तो यातच घाला. कडुलिंबाची पानं धुवून सावलीत अगदी चुरचुरीत होईपर्यंत वाळवायची, ओली घातली तर मलमाला बुरशी आलीच म्हणून समजा, मग मोठ्या टोपात पाणी उकळत ठेवून त्यात तेलाची वाटी आणि तासभर मंद आच, पानं तळायची नाहीयेत. गाळून त्याच तेलात किसलेलं मेण विरघळवा. घट्ट होईल का हे बघायला गार चमच्यावर थेंब टाका, आपण पाक बघतो तसंच. हळद घालायची तर हळकुंड घरी कुटून चिमूटभर, सुट्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते, आणि तसंही उशीचा अभ्रा पिवळा होणारच आहे. कोरफडीचा गर यात घालू नका, ते पाणीच आहे, तेलात मिसळत नाही आणि चार दिवसांत नासतं. इंटरनेटवर दिसतं ते कॅलेंडुला म्हणजे आपला हारातला झेंडू नव्हे, ते झाड वेगळं, एवढं लक्षात ठेवा. आणि हो, मेणाचं भांडं गरम असतानाच कागदाने पुसा. मी सिंकमध्ये धुतलं होतं, प्लंबरला बोलवावं लागलं.

मग घ्यायचं काय? फक्त टाचा आणि कोपरं असतील तर भिरंडेल, बाकी भानगडीत पडू नका. आग, चुरचुर, नाजूक कातडी असेल आणि दोन-अडीच तास हाताशी असतील तर शतधौत. घरात सगळ्यांना एकच डबी हवी, मांड्या घासतात, ओठ फुटतात, डास चावतात, कोणाला भेट पण द्यायचीय, तर खोबरेल-मेण, सहा महिने आरामात जाते. आणि वेळच नसेल तर साधी पेट्रोलियम जेली आणा, थर धरायचं काम ती पण करते, त्यात कमीपणा काही नाही.

कुठलंही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबा, हळदीची पण अ‍ॅलर्जी असते लोकांना. घामोळ्यावर तेलकट काहीच नको, घाम अजून कोंडतो. पावसाळ्यातल्या चिखल्या आणि गजकर्णावर तर अजिबातच नाही, तिथे कोरडं ठेवणं आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवणं. भाजलं तर आधी 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, तूप लावायची घाई करू नका, शतधौत असलं तरी. पू, ताप, पसरत जाणारी लाली असेल तर डबी बंद आणि दवाखाना.

शतधौतला तूप मात्र घरी कढवलेलंच घ्या, मी एकदा डब्यातलं स्वस्त घेतलं होतं, शंभर वेळा धुऊन पण त्याचा वास गेला नाही.