‘गोळ्यांचं लिहू नका’ म्हणणारा एजंट

आमचे काका कळव्याला राहतात. रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीतून रिटायर झाले, कंपनीचा मेडिक्लेम संपला, म्हणून स्वतःची पॉलिसी घ्यायची ठरली. एजंट ओळखीतलाच, ठाण्याचा. काकूंनी बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्यांची पाकिटं त्याच्यासमोर ठेवली. काकांनी त्यांचे फोटोही त्याला व्हॉट्सअ‍ॅप केले. तो म्हणाला, “हे लिहिलं की मेडिकल लागतं, हप्ता वाढतो. तीन वर्षं गेली की कोणी विचारत नाही. मी बघतो ना, काका!” फॉर्म त्याने स्वतःच्या मोबाइलवर भरला. काकांकडून घेतला तो फक्त ओटीपी.

पुढच्याच वर्षी अँजिओप्लास्टी झाली. दाखल करून घेताना ड्युटीवरच्या डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं होतं, ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन’. म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब आधीपासूनचे. विमा कंपनीने नेमकी तीच ओळ धरली, कारण फॉर्मवर दोन्ही प्रश्नांपुढे ‘नाही’ होतं. क्लेम गेला, पॉलिसीही रद्द.

ते ‘तीन वर्षं’ अर्धवट खरं आहे, म्हणून माणूस फसतो. तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, असं 1938 च्या विमा कायद्याचं कलम 45 सांगतं, पण ते आयुर्विम्याला लागू आहे. आरोग्य विम्यात ही मुदत सलग 60 महिन्यांची, आणि लबाडी सिद्ध झाली तर तिचंही संरक्षण नाही. खरं लिहिलं असतं तर आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागलं असतं, हप्ता थोडा चढला असता. हा क्लेम कदाचित तेव्हाही अडकला असता, पण पॉलिसी हातात राहिली असती. आता या वयात, हृदयाचं दुखणं झाल्यावर, नवीन कोण देणार?

पॉलिसीच्या पीडीएफमध्ये भरलेल्या फॉर्मची प्रत असते. आई-वडिलांची आजच उघडून बघा. चुकीचं दिसलं तर कंपनीलाच ईमेल करा, एजंटला सांगून भागत नाही. पहिल्या 30 दिवसांत पॉलिसी परतही करता येते.

कंपनीच्या तक्रार विभागाने हात वर केल्यावर आम्ही विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील नाही. आमच्याकडे पुरावा एवढाच, त्या गोळ्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो. एजंट म्हणतो, “ओटीपी तुम्हीच दिलात.”