मार्क फोर रणगाड्याचे १/३५ किट : रंगापेक्षा चिखलाची परीक्षा

मार्क फोर हा पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश रणगाडा. त्याच्या तोफा असलेल्या प्रकाराला 'मेल' आणि केवळ मशीनगन असलेल्या प्रकाराला 'फीमेल' म्हणत. यांपैकी 'मेल'चे १/३५ प्रमाणातील प्लास्टिक किट मी नुकतेच पूर्ण केले. आकाराच्या बाबतीत ते अत्यंत समाधानकारक आहे, परंतु सोबतच्या पुस्तिकेतील क्रम आणि रंगतक्ता यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नये, असे माझे मत झाले आहे.

मूळ रणगाडा सुमारे ८ मीटर लांब होता, त्यामुळे तयार मॉडेल २३ सेंटिमीटरच्या आसपास भरते. या गाडीला फिरता टरेट, म्हणजे तोफेचा बुरूज नाही, स्प्रिंगचे सस्पेन्शन नाही, बाहेर दिसणारी चाकेही नाहीत. आहेत ते सपाट पोलादी पत्रे आणि त्यांवरील रिव्हेटच्या रांगा, म्हणून मॉडेलचा सगळा जीव या रिव्हेटांवर अवलंबून असतो. किटमध्ये त्या बारीक आणि ठसठशीत उमटल्या आहेत. जोडाच्या फटी भरण्यासाठी लावलेली पुट्टी घासताना त्या सहज पुसल्या जातात. त्यामुळे पुट्टी शक्यतो टाळावी, फट दिसलीच तर प्लास्टिक सिमेंट थोडे जास्त लावून भाग घट्ट दाबून धरावेत आणि वर आलेली रेघ वाळल्यावर धारदार पात्याने खरवडावी.

दोन्ही कुशींना बसणारे स्पॉन्सन, म्हणजे तोफांचे बाहेर आलेले कप्पे, हा या प्रकाराचा खरा विशेष. १९१६ च्या मार्क वनचे स्पॉन्सन रेल्वेने नेताना सोडवून वेगळे न्यावे लागत, तर मार्क फोरमध्ये ते आत सरकवण्याची सोय झाली. लांब नळ्या जमिनीत रुतत असल्याने सहा पौंडी तोफांच्या नळ्याही आखूड करण्यात आल्या. किटमधील नळीची लांबी या बदलाला धरून आहे, हे पाहून आनंद झाला. पुस्तिका मात्र स्पॉन्सन लवकर चिकटवायला सांगते, आणि तसे केल्यास त्यांच्या मागच्या कोपऱ्यांत ना एअरब्रश पोहोचतो ना कुंचला. मी पहिला स्पॉन्सन पुस्तिकेप्रमाणे लावला आणि मागची पट्टी अर्धवट रंगलेली राहिली. दुसरा मी शेवटपर्यंत सुटा ठेवला, आणि दोहोंतील फरक आजही दिसतो.

सर्वाधिक वेळ साखळपट्ट्यांना लागतो. प्रत्येक बाजूला नव्वदच्या आसपास सुट्या पट्ट्या जोडाव्या लागतात. त्यांच्या आतल्या बाजूस साच्याच्या पिनांचे गोल ठसे आहेत, पण ते भरण्यात वेळ घालवू नये, कारण बसवल्यानंतर ती बाजू जवळजवळ दिसतच नाही. दुसऱ्या महायुद्धातील रणगाड्यांची मॉडेले करण्याची सवय असलेल्यांचा हात साखळीला वरून झोळ देण्याकडे वळतो. येथे ती चौकटीवर टेकून जात असल्याने सरळच बसवावी.

छतावरील रुळांवर ठेवायचा लाकडी ओंडका किटमध्ये चांगला उतरला आहे. गाडी रुतली की तो साखळपट्ट्यांना बांधून गाडीखाली ओढला जाई. त्याच्या प्लास्टिकच्या साखळ्या मात्र जाड आणि निर्जीव वाटतात, त्यांच्या जागी बारीक धातूची साखळी घालणे योग्य. अंतर्भाग किटमध्ये दिलेला नाही. आठ माणसे आणि १०५ अश्वशक्तीचे डेमलर इंजिन एकाच कोठडीत कसे सामावत असतील, हे पाहण्याची इच्छा असणाऱ्यांची येथे निराशा होईल. झडपा बंदच ठेवाव्यात.

रंगाबाबत विशेष सावधगिरी हवी. पहिल्या रणगाड्यांवरील रंगीबेरंगी छद्मावरण चित्रकार सॉलोमन जे. सॉलोमन यांनी आखले होते, परंतु ते १९१६ चे. मार्क फोर रणांगणावर आला तो १९१७ मध्ये आणि तपकिरी एकरंगात, तरीही रंगतक्त्यात बहुरंगी पर्याय दिलेला आहे. तसेच पांढऱ्या-तांबड्या-पांढऱ्या ओळखपट्ट्यांचे डिकॅल, म्हणजे चिकटवायची चित्रे, १९१८ च्या गाडीसाठी आहेत, १९१७ च्या कांब्रे लढाईतील गाडीवर ती लावू नयेत. मी काळा प्रायमर दिला, त्यावर तपकिरीचे दोन विरळ थर मारले आणि रिव्हेटांभोवती गडद वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग सोडला. एकाच रंगाचा एवढा मोठा सपाट पृष्ठभाग निर्जीव दिसण्याचा धोका असतो, म्हणून काही पत्र्यांवर तोच तपकिरी किंचित फिका करून फिरवला. ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग घासणे, अगदी कमी केला, कारण प्रत्येक रिव्हेट चमकू लागला की गाडी खेळण्यासारखी दिसते.

चिखल लावण्यापूर्वी गाडी कोणत्या लढाईतली आहे हे ठरवावे. बेल्जियममधील ईप्रच्या आघाडीसाठी ओला, काळपट चिखल साखळपट्ट्यांपासून छतापर्यंत चढलेला दाखवता येतो. २० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रेवर रणगाडे मोठ्या संख्येने चालून गेले, ते तोफमाऱ्याने फारशी न उखडलेल्या, खडूमिश्रित आणि त्यामानाने टणक जमिनीवरून. म्हणून मी फिक्या मातकट पिगमेंटचा, म्हणजे कोरड्या रंगपुडीचा, हलका थर फक्त खालच्या निम्म्या भागावर दिला. रुंद खंदक ओलांडण्यासाठी तेव्हा छतावर डहाळ्यांच्या प्रचंड मोळ्या नेत. किटमध्ये मोळी नाही. ती सुकलेल्या बारीक काड्यांची बांधली आणि सुट्या साखळीने आवळली. मोळी पुढच्या टोकावर ठेवल्यानंतर दिसले की फिक्या धुळीच्या पार्श्वभूमीवर ती फारच गडद झाली आहे, तेव्हा तिच्यावरही तेच पिगमेंट फिरवावे लागले.