पेपरचं पहिलं पान तिसऱ्या पानावर: सव्वा वर्षाच्या वर्गणीनंतर

नाशिक महापालिकेच्या मतदानाला जेमतेम तीन दिवस उरले होते आणि पेपरात शहर पुरवणीच नव्हती. जॅकेट, म्हणजे पहिल्या पानावरून गुंडाळलेलं जाहिरातीचं पान, मात्र न चुकता आलं होतं, गुळगुळीत कागदावर, एका पक्षाचं. पेपर टाकणारा मुलगा म्हणाला एजंटला विचारा, एजंट म्हणाला वरूनच गठ्ठा कमी आला. टोल-फ्री नंबरवर तक्रार नोंदवली तर दुसऱ्या दिवशी 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज. पुरवणी आलीच नाही. त्या रागातच हे लिहायला घेतलंय. पेपरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जॅकेटची सवय एकट्या याच पेपरला नाही.

२०२४ च्या विधानसभेआधी वार्षिक योजनेत पेपर लावला. कागद, छपाई, सकाळची वेळ, यात खोट काढायला जागा नाही. कुपनं चिकटवून बक्षिसं मिळवण्यात मला रस नाही. माझी तक्रार एकच आहे आणि ती मी सोडणार नाही: वर्गणी मी भरते आणि पहिलं पान भलत्यालाच विकलं जातं. दसऱ्या-दिवाळीला फ्लॅटचं नाहीतर गाडीचं जॅकेट आलं तर ते उलटून मी पुढे जाते. राजकीय जॅकेटचं तसं नाही. वर पेपरचं नाव तसंच, तारीख तशीच, मथळ्याचं वळण बातमीचंच, आणि 'जाहिरात' हा शब्द कोपऱ्यात इतका बारीक की आईला चष्मा लावूनही दिसत नाही. "हे खरंच झालंय का गं?" असं तिने मला विचारलंय.

हे क्षुल्लक वाटत असेल तर १३ जून २०२३ आठवा. 'राष्ट्रात मोदी, महाराष्ट्रात शिंदे' ही पानभर जाहिरात त्या दिवशी राज्यातल्या बऱ्याच पेपरांत होती. मुख्यमंत्री म्हणून शिंदेंना २६.१ टक्के आणि फडणवीसांना २३.२ टक्के पसंती, असे सर्वेक्षणाचे आकडे त्यात होते. फडणवीसांचा फोटो नव्हता, बाळासाहेबांचाही नव्हता. भाजपमध्ये नाराजी पसरली आणि दुसऱ्याच दिवशी दोघांच्या फोटोंसह नवी जाहिरात आली. दोन दिवस राज्याचं राजकारण जाहिरातीच्या जागेत घडलं आणि बातम्यांच्या पानांवर त्याचे पडसाद छापले गेले. हेच आकडे वार्ताहराने आणले असते तर सर्वेक्षण कोणी केलं, किती लोकांना विचारलं, कुठे विचारलं, हे डेस्कवर विचारलं गेलं असतं. निदान विचारायला हवं होतं. जाहिरातीला ते कोण विचारणार?

आता दुसरी बाजू बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालापासून, गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराला त्या गुन्ह्यांची माहिती तीन वेळा पेपरात छापावी लागते. निवडणूक आयोगाने त्यासाठी किमान १२ पॉइंटचा टाइप ठरवून दिला आहे. विधानसभेच्या वेळी मी ती निवेदनं शोधून वाचली. निविदा आणि नावबदलाच्या चौकटींशेजारी, आतल्या पानाच्या तळाशी होती. पक्षाचा नेता मात्र पहिल्या पानभर. 'जाहिरात' या शब्दालाही तोच १२ पॉइंट लावा, एवढंच माझं मागणं आहे. जाहिरात बातमीपासून स्पष्ट वेगळी ओळखता आली पाहिजे, हे प्रेस कौन्सिलचे निकषही सांगतात. २००९ च्या विधानसभेला तर एकाच नेत्याचं कौतुक करणारे शब्दशः सारखे लेख एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी पेपरांत आले होते आणि पत्रकार पी. साईनाथांनी ते उघड केलं होतं. तेव्हा कोपऱ्यातला तो बारीक शब्दही नव्हता.

जॅकेट काढल्यावर जे पहिलं पान हाती येतं, तेही वर्षभर माझ्या फार कामाचं नव्हतं. १८ जानेवारी २०२५ ला नाशिकचं पालकमंत्रिपद जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली. मग कोण रुसलं, कोणी कोणाला टोला लगावला, कोण दिल्लीला गेलं, हे महिनोन्महिने चाललं. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो. ती खुर्ची रिकामी राहिल्याने कुठली कामं अडली, ही बातमी मला पहिल्या पानावर हवी होती. मार्च २०२२ पासून महापालिकाही प्रशासकाच्या हाती होती, म्हणजे नगरसेवकाला जाब विचारायचीही सोय नव्हती.

इथवर लिहून पेपर बंद करायचं ठरवलं होतं. पण न्यायाने दुसरंही सांगायला हवं. कांद्यावरचं २० टक्के निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून उठलं, तेव्हा आतल्या पानावर लासलगावचा भाव, कांदाचाळीतला माल, शेतकऱ्याच्या हातात काय पडणार, असं सगळं नीट मांडलेलं होतं. माझ्या मावसबहिणीकडे मुंबईत याच पेपरची आवृत्ती येते, तिथे भर किरकोळ भाव वाढेल का यावर. सरकारचा निर्णय एकच, पण पेपर कोणाच्या घरात जातोय त्याप्रमाणे त्याची बातमी बदलते. आमच्या आवृत्तीने आम्हाला ओळखलं, हे मला मनापासून आवडलं.

आणि ती हरवलेली पुरवणी! शेजारच्या काकूंकडून आणून वाचली. बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणजे एका मतदाराला चार मतं. अ, ब, क, ड, प्रत्येक जागेचं आरक्षण, उमेदवार, शिक्षण, मालमत्ता, दाखल गुन्हे, सगळं एका तक्त्यात. चारपैकी दोन जागांवर माझं मत त्या तक्त्याने ठरवलं. असं काम करणारे वार्ताहर ज्या पेपरात आहेत, तो मी बंद करणार नाही.

मात्र वार्षिक योजना पुन्हा घेतली नाही, महिन्याच्या बिलावर आले. ज्या दिवशी पुरवणी येत नाही त्या दिवसाचे पैसे बिलातून कापते आणि एजंटने ते मान्य केलंय. जॅकेटवरच्या बारीक टाइपाबद्दल संपादकांना पत्र पाठवलंय, कात्रण जोडून. तुमच्याकडेही असे अंक असतील तर रद्दीत घालण्याआधी तो कोपरा कापून पाठवा.