बेळगाव सोडून वेंगुर्ल्याला राहायला जावं का?

मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला आणि घरात आपण दोघंच, असं झालं की बेळगावच्या बऱ्याच घरांत हा विषय निघतो. वेंगुर्ल्याला एखादं कौलारू घर बघू, ताजे मासे खाऊ, संध्याकाळी किनाऱ्यावर फिरू. आमच्याकडेही तीन वर्षं असंच चाललं होतं. मी शाळेतून निवृत्त झाले आणि बेळगावच्या शहापुरातल्या घराला कुलूप लावून आम्ही वेंगुर्ल्यात अकरा महिन्यांच्या करारावर घर घेतलं. बेळगावला जसा कॅम्प आहे तसा वेंगुर्ल्यालाही कॅम्प आहे, आमचं घर तिथंच. आता दुसरं वर्ष चालू आहे. गल्लीत गेलं की सगळे एकच विचारतात, ‘तिकडं बरं की इकडं?’ त्यांच्यासाठी हे लिहितेय.

वेंगुर्लाच का, हे बेळगावकराला सांगावं लागत नाही. हिंडलग्यावरून निघणाऱ्या रस्त्याचं नावच वेंगुर्ला रोड. रेल्वे येण्याआधी बेळगावच्या छावणीचा माल त्या बंदरात उतरून आंबोलीचा घाट चढून वर यायचा. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्यात जन्मले आणि १९७१च्या जानेवारीत, सीमालढ्यातल्या हुतात्मा दिनाच्या सभेनंतर, बेळगावात वारले. म्हणजे हे गाव आपल्याला परकं नाही. पण पाहुणे म्हणून जाणं वेगळं आणि गॅसचा नंबर लावून राहणं वेगळं.

पाऊस आणि खारी हवा

सुरुवात पावसापासून करते, कारण घर बघायला लोक डिसेंबरात जातात आणि फसतात. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस होतो, वेंगुर्ल्यात त्याच्या दुपटीहून जास्त. बेळगावची झड आपण बघितलेली असते, म्हणून वाटतं की पाऊस काय नवा नाही. पण आपल्या झडीत गारठा असतो. तिथं पावसातही घामाची चिकचिक जात नाही. जुलैत लाकडी दारं फुगून बसतात. आमचं मागचं दार दीड महिना लागलंच नाही, आतून पाटा लावून झोपायचो. कपाटातल्या माझ्या सिल्कच्या साडीवर पांढरी बुरशी आली. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत आणि वाळले तरी कुबट वास जात नाही. एखादी फांदी तारेवर पडली की रात्रभर वीज नाही, आणि वीज नाही म्हणजे पंपही नाही.

पाऊस संपला तरी खारी हवा राहते. बेळगावात बारा वर्षं चांगली चाललेली आमची स्कूटर. वेंगुर्ल्यात पहिल्याच वर्षी तिच्या सायलेन्सरला भोक पडलं. खिडक्यांच्या बिजागऱ्या, फ्रिजचा मागचा पत्रा, गॅसची शेगडी, सगळ्याला तांबेरा चढतो. कौलारू घर असेल तर मेमध्ये कौलं परतून घ्यावी लागतात आणि ते काम येणारी माणसं आता मोजकीच उरलीत. वाशांना वाळवी बघायची ती वेगळीच. शहापुरातल्या घरावर वर्षाला जेवढा खर्च व्हायचा, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त या भाड्याच्या घरात आमच्याच हातून झाला.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिथं जी सकाळ होते, ती मी बेळगावात कधी बघितली नव्हती. थंडीत बेळगावला यजमानांचा दमा उसळायचा. पहाटे उठून बसायचे, स्वेटरवर शाल, वाफारा. वेंगुर्ल्यात दोन्ही हिवाळे ते रात्रभर झोपले. आमच्यासाठी हा एकच मुद्दा इतर दहा मुद्द्यांच्या बरोबरीचा आहे. मे महिना मात्र बेळगावचाच चांगला, रात्री गार वारा सुटतो. तिकडे रात्रीसुद्धा पंख्याखालून उठवत नाही.

पाण्याचं बोलायचं तर बेळगावात राकसकोप धरणाचं पाणी उन्हाळ्यात किती दिवसांआड येतं, हे आपण सगळे भोगतो. वेंगुर्ल्यात दारात विहीर असली तर ती चिंता जाते. पण समुद्राजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. घर बघायला जाल तेव्हा मालकाला विचारू नका, शेजारच्या बाईला विचारा.

दवाखाना

बेळगाव सोडताना सगळ्यात मोठं जर काही मागं राहत असेल तर दवाखाने. रिक्षात बसलं की दहा-पंधरा मिनिटांत मोठं हॉस्पिटल, हृदयाचे, किडनीचे, सगळ्यांचे डॉक्टर. वेंगुर्ल्यात ताप, जुलाब, साखर बघणं यासाठी चांगले डॉक्टर आहेत. त्यापुढचं म्हणजे सावंतवाडी, ओरोसचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर सरळ गोव्यात बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज.

गेल्या जुलैत यजमान अंगणातल्या शेवाळावरून घसरले. हात टेकला तो मनगटातच मोडला. सावंतवाडीत एक्स-रे झाला, ऑपरेशन लागणार म्हणाले. माझ्या तोंडून पटकन निघालं, ‘बेळगावला नेते.’ भाऊ तिथं, ओळखीचे डॉक्टर तिथं. पण त्या दिवशी आंबोली घाटात दरड आली होती, वाहनं अडकून पडली होती. शेवटी बांबोळी गाठली. हात नीट बसला, तिथल्या लोकांनी फार आपुलकीनं केलं. पण गाडीत त्यांचा हात मांडीवर धरून बसले होते तेव्हा लक्षात आलं की बेळगाव सव्वाशे किलोमीटरच्या आत असलं, तरी मध्ये घाट आहे. तो बंद झाला की चोर्ला घाटानं गोव्यातून वळसा आणि पावसात त्याचाही भरवसा नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरात हृदयविकार, डायलिसिस किंवा वरचेवर तपासणी लागणारं दुखणं असेल, तर कायमचं जाऊ नका. कितीही सुंदर घर मिळालं तरी नाही.

कागद, भाषा, राज्य

सीमाभागातल्या माणसाला हा मुद्दा इतरांपेक्षा जास्त लागतो. बेळगावात आपण जन्मभर कन्नड कागदावर सही केली, मजकूर दुसऱ्याकडून वाचून घेतला. वेंगुर्ल्याच्या नगरपालिकेत पाणीपट्टीची पावती हातात आली, ती मी काउंटरवरच उभी राहून पूर्ण वाचली. मागच्यानं ‘झालं का?’ विचारलं तेव्हा बाजूला झाले. साठाव्या वर्षी एका पावतीनं डोळ्यात पाणी येईल असं मला वाटलं नव्हतं.

पण राज्य बदललं की सरकारी हिशेब सगळेच बदलतात. कर्नाटकात बायकांना सरकारी बस २०२३च्या जूनपासून फुकट आहे, गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये आहेत. कायमचा पत्ता हलवला की हे सोडावं लागतं. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. केए-२२ची, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त तिकडे ठेवायची तर ना हरकत आणून सिंधुदुर्गच्या एमएच-०७मध्ये नोंदवायची आणि तिथला कर भरायचा. आधार, रेशन, मतदान, बँक यातलं काय हलवायचं आणि काय ठेवायचं, हे निघण्याआधी बसून ठरवा.

विकत घ्यायचं असेल तर आणखी सावध राहा. कर्नाटकात २०२०च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. महाराष्ट्रात तसं नाही, खरेदीदार शेतकरी असावा लागतो. म्हणजे आंब्या-माडाच्या बागेसकट घर हे स्वप्न बऱ्याच नोकरदारांसाठी तिथंच अडतं. मग बिगरशेती प्लॉट नाहीतर गावठाणातलं घर बघायचं. त्यातही कोकणातल्या सात-बाऱ्यावर एकेका तुकड्याला वीस-पंचवीस नावं असतात, अर्धी मुंबईला. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय बयाणा देऊ नका. समुद्रालगत भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम लागतात, जुन्या घरावर मजला चढवायचा म्हटलं तरी परवानगी बघावी लागते.

काही जण म्हणतात, मग कारवार काय वाईट? राज्य बदलत नाही, रेल्वे स्टेशन आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आहे, बाजारात कोकणी चालते, जुन्या पिढीला मराठी येते. खरं आहे. वेंगुर्ल्याला रेल्वेसाठी सावंतवाडी नाहीतर कुडाळ गाठावं लागतं. दवाखाना ज्यांच्यासाठी पहिला, त्यांनी कारवारचा जरूर विचार करावा. पण तेही सीमावादात महाराष्ट्रानं मागितलेल्या ८६५ गावांतलंच, कागद तिथंही कन्नडच. मला ते नको होतं.

बाजार, माणसं

माशांबद्दल काय लिहू. सकाळी बंदरावर फडफडता बांगडा मिळतो, बेळगावात तोच बर्फातून येतो. फक्त १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्यावर भागवायचं. भाजी मात्र उलटी. बाजारात पहिल्या आठवड्यात भाजीच्या टेम्पोवर केए-२२ बघितलं आणि बरं वाटलं, मग दर ऐकला. आपलीच कोबी, आपलीच मिरची, घाट उतरली की महाग. कुंदा, मांडे, बेळगावी बासमती आम्ही येताना बांधूनच आणतो.

गाव लहान आहे, २०११च्या जनगणनेत साडेबारा हजाराच्या आतबाहेर. बेळगाव शहर तेव्हाच पावणेपाच लाखांच्या वर. रस्ते इतके स्वच्छ की पहिल्या दिवशीच कळतं, ओला-सुका कचरा तिथं खरंच वेगळा द्यावा लागतो. शेजारच्या काकी मालवणीत बोलतात, मी शहापुरी मराठीत, आणि दोघींना सगळं कळतं. पण व्याख्यानं, नाटकं, वाचनालयातली दुपार, शिवजयंतीचे चित्ररथ यांची सय येते. दशावतार रंगतो जत्रांच्या दिवसांत, बाकी संध्याकाळी सातनंतर रस्ता रिकामा. मला शांतता मानवली. यजमानांना चार मित्रांशिवाय करमत नाही, त्यांना पहिलं वर्ष जड गेलं.

म्हणून आम्ही आता असं ठरवलंय. शहापुरातलं घर विकायचं नाही. वेंगुर्ल्यात विकतही घ्यायचं नाही, भाड्यानंच राहायचं, दिवाळी झाली की जायचं आणि मृगाआधी परत यायचं. पत्ता, गाडी, रेशन सगळं बेळगावचं. तुम्हाला कायमचंच जायचं असेल तर घर पसंत करण्याआधी एक अख्खा जुलै तिथं काढा, हॉटेलात नको, भाड्याच्या घरात.

येत्या मेअखेरीस गाद्या प्लास्टिकमध्ये बांधू, शेगडीला तेलाचं बोट फिरवू आणि किल्ली काकींकडे देऊ. त्या दर आठ दिवसांनी दारं उघडून वारा घालतात, बदल्यात त्यांना बेळगावहून पाच किलो बासमती लागतो.