टीपीओ की पीव्हीसी? छपरावरच्या वेल्डिंगच्या शीटची पारख

टीपीओ (थर्मोप्लास्टिक पॉलिओलेफिन) आणि पीव्हीसी या छपरातून पाणी गळू नये म्हणून अंथरायच्या प्लास्टिकच्या शीट. दोन्ही बहुधा पांढऱ्या, दोन्हींच्या पोटात पॉलिएस्टरची जाळी, दोन्हींचे जोड गरम हवेने वितळवून लावायचे. लांबून फरक कळतच नाही. निवड ठरते ती शीटच्या खाली काय आहे आणि वरून काय सांडणार आहे यावर.

पीव्हीसी मुळात कडक. प्लास्टिसायझर घालून ती मऊ केलेली असते आणि तो हळूहळू निघून जातो. जुन्या डांबरी थरावर किंवा थर्माकोलवर ती थेट अंथरली, तर फारच लवकर. मग शीट आक्रसते, ठिसूळ होते, कोपऱ्यात ताणून उचलली जाते. मध्ये वेगळा थर हवाच; तो वाचवणं ही खोटी काटकसर. पण स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टमधून तेल-चरबी पडत असेल, तर पीव्हीसीच घ्यावी. टीपीओ तिथे फुगते, मऊ पडते. केईई (कीटोन इथिलीन एस्टर, शीट मऊ ठेवणारं आणि सहसा निघून न जाणारं पॉलिमर) मिसळलेली पीव्हीसी महाग असते, पण त्यातला मऊपणा टिकतो.

टीपीओत प्लास्टिसायझर नाही, ही तिची जमेची बाजू. ती तग धरते तिच्यात मिसळलेल्या, ऊन-उष्णतेने होणारी झीज रोखणाऱ्या रसायनांवर. सुरुवातीच्या काही मिश्रणांना उन्हाने अकाली तडे गेले होते. शेजारच्या काचेच्या भिंतीवरून ऊन परावर्तित होत असेल, तर पातळ शीट घेऊ नये, १.५ मिमी बरी, २ मिमी उत्तम. एकूण जाडीपेक्षा जाळीवरचा थर महत्त्वाचा, कारण ऊन तोच झेलतो. टीपीओ शीटसाठीच्या एएसटीएम डी६८७८ या अमेरिकी मानकात तो किमान ०.३८ मिमी आहे. जाहिरातीत हा आकडा सहसा नसतो, माहितीपत्रकात शोधावा.

खरी गळती जोडातच. टीपीओचं वेल्डिंग जास्त नाजूक: तापमान थोडं चुकलं की जोड वरवर चिकटतो. रोज सकाळी आणि हवा बदलली की तुकड्यावर चाचणी घ्यावी. गार झाल्यावर ओढताना जाळी उघडी पडली तर जोड पक्का; दोन थर सुळकन सुटले तर कच्चा. यंत्राने केलेला जोड किमान ३८ मिमी रुंद हवा. तीन थर एकत्र येतात तिथे पायरी पडते, पाणी तिथूनच शिरतं. त्यावर वेगळा पॅच लावावा.

दुरुस्तीत एक पथ्य: टीपीओवर पीव्हीसीचा पॅच वेल्ड होत नाही. जुनी टीपीओ क्लीनरने नीट पुसल्याशिवाय टीपीओचा नवा पॅचही धरत नाही.