ड्यूटी वाढायच्या आत घ्या, काकाजी

२८,०९० रुपये, स्कूटरच्या बनावट लिथियम बॅटरीपायी गेलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कोणी विचारायला नको. यात कापूस आणि स्कूटर धरलेली नाही.

लिहायला पाच महिने लागले ते लाजेपायी. गावात मी हिशेबाचा माणूस. खेडा खरेदीवाले काटा मारतात म्हणून मी स्वतःचा काटा घेऊन ठेवला आहे. क्विंटलमागे अर्धा किलो इकडचा तिकडे झाला तर भरलेली गाडी रिकामी करायला लावतो. शेजारपाजारचे कापूस मोजताना मला बोलावून नेतात. आणि मला एका पंचविशीच्या पोरानं वजनातच गंडवलं.

स्कूटर २०२३ च्या दसऱ्याला घेतली होती, ५६,००० ला. ताशी २५ च्या वर न पळणारी, २५० वॅटची, तिला नंबर लागत नाही, लायसनही लागत नाही. पोरीची शाळा ११ किलोमीटर, एसटीचा भरवसा नाही. गाडीत शिशाच्या पाच बॅटऱ्या होत्या, त्या दीड वर्षात बसल्या. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याचं शटर तोवर कायमचं खाली आलं होतं. शिशाचा नवा संच १३,५०० चा. लिथियम टाका, पाच वर्षं पाहायचं काम नाही, असं ज्याला विचारावं तो सांगत होता.

२०२५ च्या एप्रिलमध्ये फोनवर जाहिरात दिसली. ६० व्होल्ट, ३० अॅम्पियर-अवर, एलएफपी (लोह-फॉस्फेट जातीची लिथियम), एका चार्जिंगमध्ये ८० किलोमीटर, ३ वर्षं वॉरंटी. फोन केला. पोरगा गोड बोलत होता. "काकाजी, टीव्ही पाहता ना? अमेरिकेनं चीनवर १४५ टक्के ड्यूटी लावली. आता आपल्याकडं बी लागून रायली. सेल तर चीनचेच येते सगळ्यायचे. आज २२,५०० ले आहे, पुढच्या सोमवारी ३१,००० ले जाईन. मंग म्हणू नका का सांगतलं नाही."

आता यावर तुम्ही हसाल. पण माझी बाजू ऐका. ड्यूटी म्हणजे आयात शुल्क, ते काय असतं हे कापूसवाल्याला शिकवावं लागत नाही. २०२१ च्या बजेटात परदेशी कापसावर ते लागलं, सगळं मिळून ११ टक्के. २०२२ च्या एप्रिलमध्ये हंगामापुरतं काढलं. २०२५ च्या १९ ऑगस्टला पुन्हा काढलं, आमचा कापूस बोंडात असताना. शुल्क लागलं की भाव चढतो, निघालं की पडतो, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. त्या पोरानं नेमका तोच दोर ओढला. तो मुंबईच्या नोकरदाराशी बोलत असता तर त्यानं दुसरंच काही सांगितलं असतं.

आणि तो अर्धं खरं बोलत होता, हेच तर वाईट. अमेरिकेनं मे २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के आणि त्या गाड्यांच्या लिथियम बॅटऱ्यांवर साडेसातवरून २५ टक्के शुल्क जाहीर केलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये बहुतेक चिनी मालावर १४५ पर्यंत गेले. पण ते त्यांचं दार. आपल्या सरकारनं १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटात उलट गाड्यांच्या बॅटऱ्या बनवायला लागणाऱ्या ३५ यंत्रसामग्रीच्या बाबींवरचं शुल्क माफ केलं. भाचा नंतर म्हणाला, "मामाजी, अमेरिकेनं दार लावलं तर त्यायचा माल आपल्याच अंगावर येईन ना? मंग महाग कायचा होते?" कापसाचा विचार करून मला हे सुचायला हवं होतं. तिकडचा माल खपला नाही की तो इकडे येऊन पडतो, हे आम्ही दर दोन-तीन वर्षांनी भोगतो. सुचलं नाही. आणि मे महिन्यात अमेरिका-चीननं आपसात मिटवून १४५ चे ३० केले, तेव्हा माझी बॅटरी अजून पेटलीही नव्हती.

४,००० यूपीआयने बुकिंगचे. माल नागपूरला वाडीच्या गोदामातून येणार, तालुक्याच्या स्टँडवर, हातात हात, बाकीचे रोख. पांढरी व्हॅन आली, दोघं पोरं उतरली. १८,५०० मोजून दिले. चार्जर वेगळा म्हणाले, जुना चालत नाही, १,८५० आणखी. बिल मागितलं. "काकाजी, बिलावर घेतली तर १८ टक्के जीएसटी वर लागते. कायले ते?" मी गप्प बसलो. हे मी कोणावर ढकलत नाही. चार हजार वाचतील हा माझा लोभ होता.

आता तो क्षण. पाच महिने झाले, रोज रात्री तो डोळ्यांसमोर येतो. पोरगी सोबत होती. तिनं ती पेटी व्हॅनमधून एका हातानं उचलली आणि म्हणाली, "बाबा, इतकी हलकी?" आणि मी, हिशेबाचा माणूस, तिला स्टँडवर उभं राहून शिकवलं की लिथियम हा जगातला सगळ्यात हलका धातू आहे, म्हणून बॅटरी हलकी असते. दहावीला विज्ञानात ९१ मार्क घेणाऱ्या पोरीला! समोर रस्त्यापलीकडे धान्याच्या व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. वीस पावलं. ती दोन पोरं हसत होती, तेही मला आठवतं. मला वाटलं पोरीच्या भाबडेपणावर हसतात.

माझ्या बाजूनं एवढंच म्हणेन की जुन्या शिशाच्या बॅटऱ्या एकेक नऊ-दहा किलोच्या होत्या, पाच मिळून पन्नासच्या घरात. त्यापुढं कोणतीही लिथियम हलकीच लागणार. फसवणारे याच आडोशाला उभे असतात. पण पेटीवरच्या स्टिकरवर बारीक अक्षरात वजन छापलं होतं: १७.५ किलो. मी वाचलं नाही. त्या स्टिकरचा फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर मात्र टाकला, "नवी लिथियम" म्हणून. आज पुरावा काय तर माझाच तो फोटो. तुम्ही घ्याल तर आधी काट्यावर ठेवा. पैसे नंतर.

चार दिवसांनी पुन्हा फोन. माल कस्टमला असतानाच शुल्क बदललं, "ड्यूटी फरक" ३,७४० निघतो, तो भरला की वॉरंटी चालू होईल. भरले. यूपीआयने. कोणी विचारेल, तुला कळत नव्हतं का? कळत होतं, अर्धवट. पण २४,३५० आधीच गेलेले असले की माणूस ते वाचवायला आणखी देतो. शुल्क आयात करणारा बंदरावर भरतो, बिल ऑफ एन्ट्री या कस्टमच्या कागदावर, माल सुटायच्या आधी. ते विकत घेणाऱ्याच्या फोनवर येऊन कोणी मागत नाही. कधीच नाही.

पहिल्या आठवड्यात गाडी ४० किलोमीटर गेली. तिसऱ्यात २२. फोन केला तर, "काकाजी, ऊन लय आहे ना, बॅटरी सेट होऊन रायली." मे महिना, उन्हाळ्याचे दिवस, पटलं.

१७ मेच्या रात्री दोनच्या सुमारास बायकोनं हलवलं. "अहो, काही जळल्यासारखा वास येऊन रायला." गाडी सपरीत, म्हणजे पडवीत, चार्जिंगला. सपरीला लागून खोली आणि खोलीत भाव वाढेल म्हणून ठेवलेली कापसाची गंजी. सीटखालून पांढरा धूर, मग फटफट असा आवाज, फटाक्याच्या लडीसारखा. बायकोनं मेन स्विच पाडला. मी दोर टाकून गाडी अंगणात ओढली. सीट पेटली ती तिथं. पाणी टाकलं की विझे, पाच मिनिटांनी पुन्हा धूर. टाकी अर्धी रिकामी केली. ठिणगी जाईल या भीतीनं खिडकीजवळचा कापूसही ओला केला, २ क्विंटल १० किलो. तो पिवळा पडला, ५,२०० नं गेला. बाकीचा ७,१०० नं. म्हणजे आणखी ३,९९०. गाडी भंगारात २,६०० ला.

मार्च २०२२ मध्ये वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागून बाप आणि मुलगी धुरानं गुदमरून गेले होते. ती बातमी मी वाचली होती. पोरगी त्या रात्री आतल्या खोलीत झोपली होती. यापुढं मला काही लिहिता येत नाही.

भाचा हिंगणघाटला रिपेअरिंगचं दुकान चालवतो. त्यानं येऊन पेटी आधी माझ्या काट्यावर ठेवली. ८ किलो ९०० ग्रॅम. "काही धूर झाला असन, पण आठ-नऊ किलो धूर होत नाही, मामाजी." खऱ्या एलएफपीच्या ६० व्होल्टला साधारण शंभर सेल लागतात, एकेक १४० ग्रॅमच्या आसपास, नुसते सेलच १४ किलो, वर पेटी. आत निघाले ते बोटाएवढे जुने सेल, काही निळे, काही जांभळे, काहींवर आधीच्या वेल्डिंगच्या पट्टीचे व्रण. कुठल्या तरी भंगारातून काढून पुन्हा जोडलेले. ताप मोजायची वायर कशालाच चिकटवलेली नव्हती, नुसती लोंबत होती. मग त्यानं चार्जर हातात दिला. "वाचा." ६७.२ व्होल्ट. एलएफपीचा एक सेल ३.६५ ला भरतो, शंभराचे पाच-पाचचे वीस गट ओळीनं जोडले की ७३ होतात. ६७.२ म्हणजे १६ गुणिले ४.२, म्हणजे दुसरीच जात, एनएमसी, जी एलएफपीपेक्षा कमी तापात पेटते. चार्जरवर छापलेलं होतं. फसवणाऱ्यानं लपवलंसुद्धा नव्हतं.

स्टिकरवर "एआयएस १५६ पास" होतं. बॅटरीच्या सुरक्षेचा तो नियम खरा आहे, १ डिसेंबर २०२२ पासून पहिला टप्पा, ३१ मार्च २०२३ पासून दुसरा. पण ती चाचणी कंपनीच्या गाडीच्या मंजुरीसाठी असते, व्हॅनमधून उतरलेल्या पेटीला तो शिक्का लावून काही होत नाही. सेलचा बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नंबर असतो, आर आणि पुढं आठ आकडे; तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कोणाचा ते दिसतं. माझ्या स्टिकरवरचा टाकून पाहिला. मोबाइलच्या चार्जरचा निघाला. हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि मी ते जूनमध्ये पाहिलं.

आता साहेब लोकांचं. ठाण्यात गेलो. जमादार म्हणाले, "पैसे तुमीच देल्ले ना? कोणी हिसकले तर नाही?" मग हिशेब केला: यूपीआयचे ७,७४० सायबरचे, ते तिकडं, रोख २०,३५० ची पावती नाही, ते कुठलेच नाहीत. सायबरला गेलो तर ते म्हणाले, माल मिळाला ना, मग हा व्यवहाराचा वाद. बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकला." परिवहनवाल्यांकडं गेलो, तिथं तर हद्द झाली: ज्या गाडीला नंबर नाही ती आमच्याकडं येतच नाही. गाडीला नंबर लागत नाही हा सरकारचाच नियम, आणि त्याच नियमामुळं ती कुणाचीच नाही! तलाठ्याला कापसाचा पंचनामा करा म्हटलं. नैसर्गिक आपत्तीत बसत नाही. वीजवाला येऊन माझंच वायरिंग पाहून गेला आणि अर्थिंग नसल्याचा शेरा मारून गेला. सहा ठिकाणं, चौदा खेपा, पेरणीच्या दिवसांत. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, बिल कुठं आहे. ठाण्यात चौथ्या खेपेला बॅटरी घेऊन या म्हणाले, मुद्देमाल पाहायचा आहे. डब्यात वाळू भरून, वर पेटी ठेवून नेली. साहेबांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, आत आणू नका, बाहेर कडुनिंबाखाली ठेवा, पेटली बिटली तर. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून दिली.

वकिलानं नंतर सांगितलं, पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे, आणि ठाण्यानं लिहून घेतलं नाही तर अर्ज पोस्टानं जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. पाठवला आहे. पोचपावती आली आहे, बाकी काही नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, पण समोरचा कोण ते तर लिहावं लागतं. माझ्याकडं एक बंद फोन आणि एक टोपणनाव आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्याच्या तासाभरात करायचा असतो, मी पाच आठवड्यांनी केला. तेवढी चूक माझी.

परवा भाच्याच्या मोबाइलवर तीच जाहिरात आली. फोटो तोच, आवाज तोच, नाव दुसरं. भाव २४,९९९. आता कारण शुल्काचं नाही, "२२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला, त्याचा फायदा घ्या". कमी झाला तो शिशाच्या बॅटऱ्यांवरचा, २८ चा १८. लिथियमवर २०१८ पासूनच १८ आहे. मी भाच्याच्याच मोबाइलवरून खाली लिहिलं, यांच्याकडून घेतली, सपरीत पेटली. दोन मिनिटांत ते गायब. पुन्हा लिहिलं, पुन्हा गायब. तिसऱ्यांदा लिहायला गेलो तर जाहिरातच दिसेना. त्यांनी भाच्याचं खातंच ब्लॉक केलं होतं. म्हणून इथं लिहिलं.