पॅट्रिक चॅन : पायांची करामत आणि उड्यांचा हिशेब

कॅनडाचा पॅट्रिक चॅन 2011, 2012 आणि 2013 अशी सलग तीन वर्षे पुरुषांच्या फिगर स्केटिंगचा विश्वविजेता होता, आणि तरीही त्याचे नाव निघाले की चाहत्यांमध्ये आजही दोन तट पडतात. एका तटाच्या मते बर्फावर त्याच्याइतके सुंदर पाय कुणाचेच चालले नाहीत. दुसऱ्या तटाच्या मते तो पडत राहिला आणि पंच त्याला गुण देत राहिले. माझ्या मते या वादाचा गुंता असा की पहिला तट चॅनच्या स्केटिंगविषयी बोलतो, तर दुसरा बहुतेक वेळा त्या काळच्या गुणपद्धतीविषयी बोलतो, आणि दोघांनाही आपण एकाच गोष्टीवर भांडत आहोत असे वाटते.

आधी त्याच्या पायांविषयी. स्केटचे पाते खालून किंचित पोकळ असते, त्यामुळे त्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात. सामान्य स्केटर बराच वेळ पात्याच्या मध्यावर, जवळजवळ सपाट सरकत असतो. चॅन मात्र धारेवर इतका झुकतो की वळणावर त्याचा देह बर्फाशी तिरका कोन करून उभा राहिल्यासारखा दिसतो, आणि तरीही त्याचा तोल सुटत नाही. त्याचा वेग कुठून येतो हे शोधण्यासाठी त्याच्या गुडघ्याकडे पाहावे. गुडघा खोल वाकतो, सावकाश सरळ होतो, आणि पावलाने ढकलल्याची खूण न दिसताच तो रिंकच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असतो. दोनतीन ढकलण्यांत अर्धा रिंक पार करणारे स्केटर मोजकेच असतील. तो वेग न मोडता त्याच ओघात दिशा, धार आणि पाय बदलणारे त्याहूनही कमी. हे कौशल्य उपजत नाही. लहानपणीचे त्याचे प्रशिक्षक ऑस्बोर्न कोल्सन उड्यांच्या आधी त्याच्याकडून साध्या सरकण्याचा आणि धारांचा कंटाळवाणा सराव करून घेत असत. कोल्सन 2006 मध्ये वारले, पण त्यांची शिकवण चॅनच्या प्रत्येक कार्यक्रमात दिसत राहिली.

हा गुण पूर्णत्वाने पाहायचा असेल तर नोव्हेंबर 2013 मधील पॅरिसच्या स्पर्धेतील त्याची कामगिरी पाहावी. स्पर्धेत लघु आणि दीर्घ अशा दोन कार्यक्रमांच्या गुणांची बेरीज होते; रखमानिनॉफच्या संगीतावर बसवलेल्या लघु कार्यक्रमाला 98.52, विवाल्डी आणि कोरेली यांच्या रचनांवरच्या दीर्घ कार्यक्रमाला 196.75, आणि एकूण 295.27 असे त्या वेळचे विक्रमी गुण त्याला मिळाले. दीर्घ कार्यक्रमाच्या सुरुवातीला येणारी क्वाड टो (चार फेऱ्यांची टो लूप उडी) आणि तिला जोडलेली ट्रिपल टो (तीच उडी तीन फेऱ्यांची) ही जोडी विशेष पाहण्यासारखी आहे. एरवी क्वाडची तयारी लांबून ओळखू येते, कारण स्केटर हालचाली थांबवतो, मागे सरकत जागा घेतो आणि श्वास रोखतो. चॅनच्या बाबतीत उडी चालीतूनच निघते आणि चालीतच विरते. उतरल्यावर त्याचा वेग उडीच्या आधीइतकाच राहिलेला दिसतो. क्वाडनंतर वेग टिकणे ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. ट्रिपल ॲक्सेल ही चॅनची कायमची दुखरी नस होती. ॲक्सेल ही एकच उडी समोर तोंड करून घेतली जाते, त्यामुळे ट्रिपल ॲक्सेलमध्ये हवेत तीनऐवजी साडेतीन फेऱ्या भरतात, आणि मागे सरकत उडी घेण्याची त्याला लाभलेली सहजता इथे त्याच्या कामाला येत नसे. क्वाड टो लीलया उतरवणारा हा माणूस लगेच पुढच्या ॲक्सेलवर डळमळे, हे त्याच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. त्याहून गंभीर दोष एकाग्रतेचा. अवघड उड्या पार पडल्यावर, कार्यक्रमाच्या उत्तरार्धात, सोप्या उडीवर तो चुकत असे. 2012 मध्ये नीस येथील जागतिक स्पर्धेत तो दीर्घ कार्यक्रमाच्या शेवटी चक्क डबल ॲक्सेलवर पडला आणि तरीही विजेता ठरला. 2010 च्या कॅनडातील ग्रां प्री स्पर्धेत लघु कार्यक्रमात तीनदा पडूनही तो अंती जिंकला. 2013 मध्ये लंडन, ओंटारियो येथे जागतिक स्पर्धेत दीर्घ कार्यक्रम कझाकस्तानच्या डेनिस टेनने जिंकला, पण एकूण गुणांत चॅन 267.78 विरुद्ध 266.48 असा निसटता पुढे राहिला.

इथे विरोधकांचा राग समजण्यासारखा आहे, मात्र तो चॅनवर काढणे मला पटत नाही. त्या काळी क्वाड टोची मूळ किंमत 10.3 होती. फेऱ्या पूर्ण करून पडल्यास तीन गुण वजा होत आणि पडण्याचा आणखी एक गुण कापला जाई, तरी 6.3 उरत, तर नीट उतरलेल्या ट्रिपल लुट्झची (तीन फेऱ्यांची आणखी एक उडी) मूळ किंमत 6.0 होती. म्हणजे पडलेली क्वाड सरळ उतरलेल्या ट्रिपलहून महाग ठरे. ही तजवीज नियमांची होती, आणि तिचा फायदा क्वाड मारणाऱ्या प्रत्येकालाच मिळत असे. तेव्हा पाच रकान्यांत दिल्या जाणाऱ्या कलात्मक गुणांची गोष्ट जरा वेगळी आहे. स्केटिंग कौशल्याच्या रकान्यात पडल्यानंतरही चॅनला नऊच्या पुढे गुण मिळावेत हे समर्थनीय आहे, कारण एका पडण्याने धारा उथळ होत नाहीत. पण सादरीकरणाच्या रकान्यातही तेवढेच गुण पडावेत, हे त्याच्या कट्टर चाहत्यालाही नीट समजावून सांगता येणार नाही. पंच पाचही रकाने एकमेकांच्या आसपास भरत, हा खरा दोष.

तो भावशून्य आहे, हा आणखी एक नेहमीचा आक्षेप. 2011 च्या सुमाराच्या चॅनबद्दल त्यात तथ्य आहे. त्याच्या चेहऱ्यावर आणि हातांत तेव्हा फारसे काही घडत नसे, आणि जपानच्या दाइसुके ताकाहाशीसारखा स्केटर शेजारी ठेवला की ही उणीव लगेच डोळ्यांत भरे. ताकाहाशी संगीत अंगभर वागवतो. चॅन ते कमरेखाली वाजवतो. पावलांची भाषा कळणाऱ्याला ते पुरते, इतरांना पुरत नाही.

सोचीच्या 2014 मधील हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याचे गुण आणि दोष एकाच रात्री समोर आले. जपानचा युझुरु हान्यू दीर्घ कार्यक्रमात दोनदा पडल्यामुळे सुवर्णपदकाचे दार उघडे होते. चॅनने पहिली क्वाड आणि ट्रिपलची जोडी उत्तम उतरवली आणि मग एकामागून एक लहान चुका केल्या. अखेर हान्यू 280.09, चॅन 275.62. त्या साडेचार गुणांच्या फरकासाठी पंचांना बोल लावण्यात अर्थ नाही.

एक वर्षाच्या विश्रांतीनंतर परतलेला चॅन मला सर्वांत जास्त आवडतो, आणि नवख्या प्रेक्षकाला मी पॅरिसच्याही आधी 2016 मधील तैपेईच्या फोर कॉन्टिनेन्ट्स (युरोपबाहेरच्या खंडांच्या) स्पर्धेतील त्याचा दीर्घ कार्यक्रम सुचवीन. लघु कार्यक्रमात त्याला जेमतेम 86.22 गुण मिळाले होते. दीर्घ कार्यक्रमात चीनच्या बोयांग जिनने चार क्वाड उतरवल्या; चॅनकडे तेवढ्या क्वाड नव्हत्या. शोपँच्या संगीतावर त्याने 203.99 गुण मिळवले आणि 290.21 विरुद्ध 289.83 अशी स्पर्धा जिंकली. यात ॲक्सेल उतरते, उत्तरार्ध ढासळत नाही आणि हातही शेवटी पायांच्या बरोबरीने बोलू लागतात. गुणफलक झाकून हा कार्यक्रम एकदा पाहावा, आणि दुसऱ्यांदा पाहताना नजर फक्त गुडघ्यांवर ठेवावी.